घरची ई-पुस्तके बाहेरगावाहून सुरक्षितपणे कशी वाचावीत

कोथरूडच्या आमच्या घरात कागदी पुस्तकांची तीन कपाटे आहेत आणि खिडकीजवळच्या लहान टेबलावर एक जुना लॅपटॉप आहे. घरातले सगळे त्याला चौथे कपाट म्हणतात. विकत घेतलेली ई-पुस्तके, संस्थांनी वाचकांसाठी मोफत खुली केलेली पीडीएफ आणि वडिलांनी अप्पा बळवंत चौकातून व रद्दीच्या दुकानांतून वर्षानुवर्षे गोळा केलेल्या दिवाळी अंकांची आम्ही स्वतः पान-पान करून काढलेली स्कॅन, असा सगळा ऐवज त्यात आहे. बहीण नागपूरला, भाचा बंगळूरला आणि मी स्वतः महिन्यातून आठवडाभर फिरतीवर. त्यामुळे हे कपाट पुण्याबाहेरूनही उघडता यावे, मात्र ते आमच्याखेरीज कोणाला उघडता येऊ नये, अशी गरज निर्माण झाली. ती भागवताना आधी जे चुकले आणि नंतर जे जमले, ते येथे क्रमाने मांडत आहे.

सगळी पुस्तके एखाद्या क्लाउड ड्राइव्हवर चढवून दुवा पाठवला तर चालणार नाही का, असा प्रश्न साहजिकच पडतो. पाच-पन्नास पुस्तकांसाठी तेवढे पुरेही पडते. संग्रह मोठा झाला की मात्र लेखक, विषय, मालिका, मुखपृष्ठ यांवरून शोधण्याची सोय हवीशी वाटते, आणि नुसत्या फाइलींच्या यादीत ती मिळत नाही. शिवाय दुवा एकदा पाठवला की तो पुढे किती जणांकडे गेला याचा पत्ता लागत नाही. आपल्या घरात, आपल्या यंत्रावर, आपण लावलेल्या क्रमाने पुस्तके राहावीत आणि ती दुरून वाचता यावीत, यात मला वेगळेच समाधान आहे. म्हणून थोडे अधिक कष्ट घेण्याची तयारी असणाऱ्यांसाठी हे लिहीत आहे.

आधी कपाट नीट लावावे

ई-पुस्तकांचा संग्रह सांभाळण्यासाठी कॅलिबर हे सॉफ्टवेअर वापरावे. कोविद गोयल यांनी २००६ मध्ये ते लिहायला सुरुवात केली. ते मोफत आणि मुक्तस्रोत असून विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर चालते. पुस्तक त्यात घातले की कॅलिबर त्याची स्वतःच्या फोल्डरात प्रत करून घेते आणि सर्व नोंदी मेटाडेटा डॉट डीबी नावाच्या एका फाइलीत ठेवते. ही एक फाइल बिघडली तर ग्रंथपालाची नोंदवहीच हरवली असे समजावे. म्हणून कॅलिबरचा फोल्डर लॅपटॉपच्या स्वतःच्या डिस्कवरच असावा. तो नेटवर्क ड्राइव्हवर ठेवू नये आणि दोन संगणकांत आपोआप जुळवून घेणाऱ्या फोल्डरातही ठेवू नये, कारण दोन्हीकडून एकाच वेळी नोंदी लिहिल्या गेल्या की ती फाइल खराब होण्याचा धोका असतो.

मराठी पुस्तकांच्या बाबतीत काही गोष्टी सुरुवातीलाच सांभाळल्या तर पुढचा त्रास वाचतो. लेखकाच्या आद्याक्षरांनंतर एकदा मोकळी जागा सोडली आणि एकदा सोडली नाही, तर कॅलिबर त्यांना दोन वेगळे लेखक समजते. दुरून शोधणाऱ्याला मग अर्धीच पुस्तके दिसतात. एक लेखनपद्धत ठरवून ती शेवटपर्यंत पाळावी. जुन्या टंकांत जुळवलेल्या पीडीएफ पडद्यावर स्वच्छ दिसतात, परंतु त्यांतील मजकूर युनिकोड नसल्यामुळे देवनागरीत शब्द टाकून शोधल्यास काहीच सापडत नाही. स्कॅन केलेल्या पानांचेही तेच. अशा पुस्तकांना विषयाच्या खुणा हाताने जोडाव्यात. संग्रहाचा फोल्डर उघडून पाहिल्यावर मराठी शीर्षकांची रोमन लिपीतील चमत्कारिक रूपे दिसतील, तेव्हा दचकू नये. कॅलिबर फोल्डरांची नावे मुद्दामच रोमन अक्षरांत बदलून ठेवते. खरे शीर्षक नोंदीत जसेच्या तसे असते. ती नावे दुरुस्त करण्याचा मोह आवरावा, कारण फोल्डराचे नाव बाहेरून बदलले की कॅलिबरला ते पुस्तक सापडेनासे होते.

घरातल्या घरात वाचनाची सोय

कॅलिबरमध्येच एक लहानसा सर्व्हर आहे. वरच्या पट्टीतील 'कनेक्ट-शेअर' या बटणाखालून 'कंटेंट सर्व्हर' सुरू केला की घरच्या वायफायवरील कोणत्याही फोनच्या ब्राउझरमधून संपूर्ण संग्रह दिसू लागतो. पत्ता साधारणपणे १९२.१६८.१.२५ असा असतो आणि त्यापुढे विसर्गासारखे चिन्ह देऊन ८०८० हा पोर्ट क्रमांक, म्हणजे त्या यंत्रावरील सर्व्हरच्या दाराचा क्रमांक, लिहायचा असतो. टाइप करताना अर्थातच इंग्रजी अंक वापरावेत. मुखपृष्ठांची जाळी उघडते, पुस्तकावर टिचकी मारली की ते ब्राउझरमध्येच वाचता येते किंवा उतरवून घेता येते. राऊटर लॅपटॉपला दर वेळी नवा पत्ता देऊ नये, यासाठी राऊटरच्या सेटिंगमध्ये त्या लॅपटॉपसाठी एक पत्ता राखून ठेवावा.

आता पासवर्डाचा विषय. कॅलिबरचा सर्व्हर मुळात पासवर्डाशिवाय सुरू होतो, आणि घराच्या चार भिंतींत ते चालूनही जाते. तरीही 'शेअरिंग ओव्हर द नेट' या सेटिंगमध्ये जाऊन नाव आणि पासवर्ड मागण्याची खूण पहिल्याच दिवशी करावी. घरातल्या प्रत्येकासाठी वेगळे खाते काढावे. पुस्तके घालण्याचा व नोंदी बदलण्याचा अधिकार संग्रह सांभाळणाऱ्या एकाच व्यक्तीकडे ठेवून बाकीच्यांना फक्त वाचण्याची परवानगी द्यावी. बँकेला, ईमेलला किंवा आणखी कुठे वापरलेला पासवर्ड येथे वापरू नये. चार-पाच असंबद्ध मराठी शब्द इंग्रजी लिपीत सलग लिहिले तर लांब, लक्षात राहणारा आणि सहसा ओळखता न येणारा पासवर्ड तयार होतो. 'पुणे४११०३८' यासारखा पासवर्ड मात्र कोणीही सहज ओळखेल.

काही जण कॅलिबरच्या सर्व्हरऐवजी कॅलिबर-वेब हे वेगळे सॉफ्टवेअर वापरतात. ते दिसायला अधिक सुबक आहे आणि ८०८३ या पोर्टवर चालते. ते वापरायचे असल्यास त्याचे मूळ नाव आणि पासवर्ड पहिल्याच मिनिटाला बदलावेत, कारण ते मूळ शब्द साऱ्या जगाला ठाऊक आहेत.

राऊटरचे दार उघडू नये

घरातले वाचन जमले की पुढचा विचार असा येतो, की राऊटरमध्ये जाऊन बाहेरून येणाऱ्या विनंत्या सरळ लॅपटॉपकडे वळवाव्यात. याला पोर्ट फॉरवर्डिंग म्हणतात आणि इंटरनेटवरील जुन्या मार्गदर्शनात बहुधा हाच उपाय सांगितलेला आढळतो. मीही तोच केला होता. पावसाळ्यातल्या एका रात्री साडेनऊच्या सुमारास पोर्ट उघडला, बहिणीला पत्ता कळवला, तिने नागपूरहून एक दिवाळी अंक उघडून पाहिला आणि आम्ही दोघेही आनंदात झोपलो. सकाळी सहा वाजता सहज म्हणून सर्व्हरची नोंद उघडली, तर बहिणीच्या दोन-तीन ओळींच्या खाली अनोळखी पत्त्यांवरून आलेल्या विनंत्यांची रांग लागलेली होती. त्यांना पुस्तकांशी काहीच देणेघेणे नव्हते. कुठे वर्डप्रेसचे लॉगिनचे पान आहे का, कुठे एखाद्या कॅमेऱ्याचे पान आहे का, असे एकामागून एक दार ढकलून पाहणे रात्रभर चालले होते. आमचा पत्ता कोणी कोणाला सांगितला नव्हता. इंटरनेटवरचे सगळे पत्ते ओळीने तपासत जाणारी यंत्रे अहोरात्र चालू असतात, आणि त्यांना उघडे पोर्ट सापडायला फार वेळ लागत नाही. चहा होण्याच्या आत मी तो पोर्ट बंद केला.

पासवर्ड चांगला असेल तर असे दार ढकलणाऱ्यांना भ्यायचे कशाला, असे कोणी म्हणेल. सॉफ्टवेअरमध्येच खोट निघाली तर पासवर्डाचा भरवसा अपुरा पडतो, हे त्याचे उत्तर आहे. २०२४ मध्ये कॅलिबरच्या ६.९ ते ७.१४ या आवृत्त्यांमध्ये अशी एक गंभीर त्रुटी उघडकीस आली, की पासवर्ड न लावलेला सर्व्हर इंटरनेटवर उघडा असल्यास बाहेरचा माणूस त्या संगणकावर स्वतःचे आदेश चालवू शकत होता. ती त्रुटी लगेच दुरुस्त झाली. परंतु आपण कॅलिबर त्याच दिवशी अद्ययावत करतोच असे नाही. शिवाय साध्या एचटीटीपीवर (कुलूप न लावता पाने पाठवण्याच्या पद्धतीवर) चालणाऱ्या सर्व्हरमधून पुस्तकांची पाने उघडीच प्रवास करतात. वाटेतल्या कोणालाही ती वाचता येतात.

आणखी एक अडचण आहे, आणि ती आपल्याकडे फार जणांना येते. आयपी पत्त्यांची जुनी पद्धत, म्हणजे आयपीव्ही४, एकूण सुमारे ४२९ कोटी पत्तेच देऊ शकते, आणि जगातल्या उपकरणांना ते केव्हाच कमी पडू लागले. त्यामुळे बऱ्याच इंटरनेट कंपन्या शेकडो घरांना बाहेरच्या जगासाठी एकच सामाईक पत्ता देतात. मोठ्या सोसायटीला एकच टपालपेटी असावी तसे हे असते. आपल्या राऊटरच्या पानावर बाहेरच्या बाजूचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ या आकड्यांनी सुरू होत असेल, तर आपणही अशा सामाईक पत्त्यामागे आहोत असे समजावे. मग राऊटरमध्ये कितीही पोर्ट उघडले तरी बाहेरची विनंती आपल्यापर्यंत पोहोचतच नाही. अनेक जण या टप्प्यावर संध्याकाळ घालवतात आणि चूक आपलीच आहे असे मानून सेटिंग पुन्हा पुन्हा तपासत बसतात. पैसे भरून स्थिर पत्ता मागता येतो, पण त्याने रस्त्याकडचे दार उघडण्याचा मूळ धोका कमी होत नाही.

खासगी वाट

यावरचा उपाय म्हणजे घरचा लॅपटॉप आणि घरच्यांचे फोन यांच्यामध्ये एक बंदिस्त खासगी जाळे तयार करणे. या जाळ्यातल्या उपकरणांना एकमेकांचे पत्ते दिसतात, बाहेरच्यांना काहीच दिसत नाही, आणि राऊटरमध्ये एकही पोर्ट उघडावा लागत नाही. वायरगार्ड हे तंत्र आज यासाठी सर्वांत चोख मानले जाते. त्याचा कोड आटोपशीर आहे, आणि मार्च २०२० मध्ये लिनक्सच्या ५.६ या आवृत्तीपासून ते लिनक्सच्या गाभ्यातच समाविष्ट झाले आहे. प्रत्येक उपकरणाकडे स्वतःची एक गुप्त किल्ली असते, ती त्या उपकरणाबाहेर जात नाही, आणि किल्ली ओळखीची नसेल तर वायरगार्ड साधे उत्तरसुद्धा देत नाही.

वायरगार्ड हाताने जुळवायचे तर किल्ल्यांची देवाणघेवाण आणि सामाईक पत्त्याची अडचण आपणच सोडवावी लागते. घरगुती वापरासाठी माझी शिफारस टेलस्केल या तयार सेवेची आहे. आतून ते वायरगार्डच वापरते, घरगुती वापरासाठी त्याची मोफत योजना आहे आणि सामाईक पत्त्यामागे असलेली दोन उपकरणेही ते एकमेकांशी जोडून देते. थेट वाट सापडली नाही तर टेलस्केलच्या मधल्या सर्व्हरवरून वाहतूक होते; त्या स्थितीतही मजकूर कुलूपबंदच असतो, फक्त वेग थोडा कमी होतो.

लॅपटॉपवर टेलस्केल बसवून आपल्या ईमेल खात्याने प्रवेश करावा. तेच आपल्या फोनवर, त्याच खात्याने करावे. दोन्ही उपकरणांना १०० या आकड्याने सुरू होणारा प्रत्येकी एक कायमचा पत्ता मिळतो. हे आकडे वर सांगितलेल्या सामाईक पत्त्यांच्याच गटातले असतात, त्यामुळे गोंधळून जाऊ नये. आता फोनचे वायफाय बंद करून, मोबाइलच्या डेटावर, ब्राउझरमध्ये लॅपटॉपचा तो पत्ता आणि ८०८० टाकावा. घरात दिसत होती तीच मुखपृष्ठे समोर आली पाहिजेत. वायफाय बंद करणे विसरू नये, नाहीतर आपण घरच्याच जाळ्यातून पाहत असतो आणि सगळे जमले असा गैरसमज होतो. मी ही चाचणी कमला नेहरू पार्कच्या बाकावर बसून केली. कपाट तिथेही उघडले, तेव्हा खात्री पटली.

पान उघडले नाही तर दोष बहुधा लॅपटॉपच्या फायरवॉलमध्ये, म्हणजे बाहेरून येणाऱ्या जोडण्या अडवणाऱ्या पहारेकऱ्यात, असतो. कॅलिबर पहिल्यांदा सर्व्हर सुरू करते तेव्हा विंडोज परवानगी विचारते. ती खासगी नेटवर्कपुरती द्यावी आणि सार्वजनिक नेटवर्कसाठी नाकारावी. घाईत आपण तिथे नकार दिलेला असतो आणि नंतर ते आठवत नाही.

टेलस्केलच्या दोन सेटिंगकडे आवर्जून लक्ष द्यावे. उपकरणाची किल्ली ठरावीक काळाने, मूळ सेटिंगमध्ये १८० दिवसांनी, कालबाह्य होते आणि पुन्हा प्रवेश करावा लागतो. फोनसाठी हे चांगलेच आहे. पण आपण परगावी असताना घरच्या लॅपटॉपची मुदत संपली तर कपाट बंद पडते, म्हणून फक्त लॅपटॉपपुरती ही मुदत काढून टाकावी. दुसरी गोष्ट म्हणजे फनेल नावाची सोय. ती आपले पान साऱ्या इंटरनेटसाठी खुले करते, त्यामुळे आपल्या कामासाठी ती चालू करू नये.

बहिणीला किंवा भाच्याला आपल्या ईमेल खात्याचा पासवर्ड देण्याची मुळीच गरज नाही, आणि देऊही नये. त्यांनी आपापले टेलस्केल खाते काढावे; आपण व्यवस्थापनाच्या पानावरून फक्त हा एक लॅपटॉप त्यांच्याशी शेअर करणारा दुवा पाठवावा. त्यांच्या ॲपमध्ये मग तो लॅपटॉप दिसू लागतो, आपले इतर फोन वा संगणक दिसत नाहीत. लॅपटॉपवर विंडोजचे इतर कोणते फोल्डर नेटवर्कसाठी उघडे ठेवले असतील तर ते आधी बंद करावेत. प्रवेशाचे नियम लिहिण्याची तयारी असेल तर पाहुण्यांना केवळ ८०८० हाच पोर्ट मोकळा ठेवावा. जी खोली दाखवायची तीच उघडी राहावी, हे बरे.

येथे एक गोष्ट ठासून सांगावीशी वाटते. या व्यवस्थेत सगळी मदार आपल्या ईमेल खात्यावर येते. ते खाते दुसऱ्याच्या हाती गेले तर खासगी जाळेही त्याच्या हाती जाते. त्यामुळे त्या खात्याला दोन टप्प्यांची पडताळणी लावल्याशिवाय पुढे जाऊच नये. शक्य असेल तर एसएमएसच्या ओटीपीऐवजी ऑथेंटिकेटर ॲप किंवा पासकी वापरावी, आणि खाते परत मिळवण्याचे कोड कागदावर लिहून घरच्या महत्त्वाच्या कागदपत्रांच्या फाइलीत ठेवावेत.

वाचायला काय वापरावे

फोनवर किंवा टॅबवर ब्राउझरमधून वाचणे सोपे आहे, परंतु लांब प्रवासात नेट जाते-येते. खंडाळ्याच्या घाटात बोगद्यांमधून जाताना हा अनुभव सर्वांनाच येतो. त्यासाठी ओपीडीएस या पुस्तकसूचीच्या पद्धतीला आधार देणारे वाचन-ॲप घ्यावे. अँड्रॉइडवर केओरीडर किंवा मून प्लस रीडर चालतात. त्यांत लॅपटॉपचा पत्ता देऊन शेवटी 'ओपीडीएस' हा शब्द इंग्रजीत जोडला की संग्रहाची यादी ॲपमध्येच दिसते आणि निघण्यापूर्वी हवी ती पुस्तके उतरवून घेता येतात. एखादे ॲप पासवर्ड स्वीकारत नसेल, तर ते साध्या 'बेसिक' पद्धतीचीच अपेक्षा करत असण्याची शक्यता आहे. कॅलिबरच्या प्रगत सेटिंगमध्ये ती पद्धत निवडता येते. उघड्या इंटरनेटवर तसे करणे धोक्याचे ठरले असते. खासगी जाळ्यात सगळी वाहतूक मुळातच कुलूपबंद असल्यामुळे चालते.

किंडलसारख्या ई-इंक उपकरणांवर टेलस्केल बसत नाही. पुस्तक आधी फोनवर उतरवावे आणि तेथून 'सेंड टू किंडल' या सोयीने पाठवावे, हा सरळ मार्ग आहे. २०२२ पासून त्यात ईपब (ई-पुस्तकांचा प्रचलित प्रकार) फाइलही चालते. आमच्या घरी मात्र आत्याबाई तारेनेच पुस्तक चढवून घेतात, आणि त्यांना तेच बरे वाटते.

वेगाबद्दल थोडा हिशेब करून ठेवावा. बाहेर वाचणाऱ्याला पुस्तक मिळते ते आपल्या घरच्या जोडणीच्या अपलोड वेगाने. नुसत्या मजकुराचे ईपब एक-दोन एमबीचे असते, ते क्षणात पोहोचते. स्कॅन केलेला दिवाळी अंक १०० एमबीचा असेल आणि अपलोडचा वेग १० एमबीपीएस (सेकंदाला १० मेगाबिट; आठ बिटांचा एक बाइट) असेल, तर सुमारे ८० सेकंद लागतात. हे ज्याला ठाऊक नसते तो दहा सेकंदांनी पान पुन्हा उघडतो आणि उतरवणे पहिल्यापासून सुरू होते. बहिणीला मी एवढेच सांगून ठेवले आहे, की जुना अंक मागवला की एक कप चहा घ्यावा.

लॅपटॉप जागा राहिला पाहिजे

दुरून कपाट न उघडण्याचे सर्वांत वारंवार आढळणारे कारण म्हणजे लॅपटॉप झोपलेला असणे. वीज जोडलेली असताना झोपू नये आणि झाकण मिटल्यावरही चालू राहावे, असे सेटिंग करावे. कॅलिबर संगणकासोबत आपोआप सुरू व्हावे आणि त्यासोबत सर्व्हरही, हेही पाहावे. विंडोज रात्री अद्ययावत होऊन पुन्हा सुरू होते आणि लॉगिनच्या पानावर थांबते; अशा वेळी कॅलिबर सुरूच झालेले नसते. हा त्रास टाळायचा असेल तर लिनक्सवर कॅलिबरचा सर्व्हर स्वतंत्र सेवा म्हणून चालवता येतो. मात्र स्वतंत्र सर्व्हर आणि कॅलिबरची नेहमीची खिडकी एकाच संग्रहावर एकाच वेळी चालवू नयेत.

पुण्यात गुरुवारी देखभालीसाठी वीज जाणे सवयीचे आहे, आणि वळवाच्या पावसात तर कोणताही वार चालतो. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असते, हा जुन्या लॅपटॉपचा मोठाच फायदा. पण राऊटर आणि फायबरची डबी बंद पडली तर लॅपटॉप जागा असून उपयोग नाही. त्या दोन्हींना इन्व्हर्टरची किंवा राऊटरसाठी मिळणाऱ्या लहान यूपीएसची जोड द्यावी. सतत वीज जोडून ठेवलेल्या लॅपटॉपची बॅटरी फुगू शकते, म्हणून चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय असल्यास ती चालू करावी आणि लॅपटॉप पुस्तकांच्या ढिगाखाली न ठेवता हवेशीर जागी ठेवावा. विजेचा खर्च घाबरण्यासारखा नाही. सरासरी १५ वॉट घेणारा लॅपटॉप दिवसरात्र चालवला तर महिन्याला सुमारे ११ युनिट होतात. ५ वॉट घेणाऱ्या रास्पबेरी पायसारख्या लहान संगणकाला साडेतीन युनिटच्या आसपास.

दुसरी प्रत घराबाहेर

१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि नदीकाठच्या पेठांमध्ये पाणी शिरले, त्याच्या आठवणी पुण्यातल्या जुन्या घरांत अजून सांगितल्या जातात. त्या आठवणींत भांडीकुंडी असतात, तशा भिजून लगदा झालेल्या वह्या आणि पुस्तकेही असतात. ई-पुस्तकांची प्रत काढायला काही मिनिटे लागतात, म्हणून ती न काढण्याला काहीच सबब नाही. कॅलिबर बंद करावे, संपूर्ण संग्रहाचा फोल्डर बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवावा आणि ती डिस्क लॅपटॉपला जोडून न ठेवता बाजूला काढून ठेवावी. जोडलेल्या डिस्कवरील प्रतही व्हायरस कुलूपबंद करू शकतो. दुसरी डिस्क दुसऱ्या घरी असावी. आमची नागपूरला असते, आणि दिवाळीत बहीण आली की अदलाबदल होते. डिस्कला पासवर्डाचे संरक्षण द्यावे. आणि वर्षातून एकदा त्या प्रतीवरून दुसऱ्या संगणकावर कॅलिबर खरोखर उघडून पाहावे. उघडून न पाहिलेल्या प्रतीवर विसंबू नये.

काही वेगळ्या गरजा

फोनवर ॲप बसवणे ज्यांना शक्यच नाही अशा वाचकांसाठी सार्वजनिक पत्ता द्यावाच लागत असेल, तर स्वतःचे डोमेन नाव घेऊन, समोर कॅडीसारखा वेब सर्व्हर ठेवून, एचटीटीपीएसनेच (एचटीटीपीच्या कुलूपबंद रूपानेच) तो द्यावा. कॅडी त्यासाठी लागणारी, लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेची मोफत प्रमाणपत्रे आपणहून घेते आणि मुदतीपूर्वी नवी करते. किंवा क्लाउडफ्लेअर या कंपनीचा टनेल, म्हणजे घरच्या लॅपटॉपपासून त्यांच्या सर्व्हरपर्यंतची जोडणी, वापरून त्यापुढे त्याच कंपनीची, वाचकाची ओळख पटवणारी पायरी लावावी. त्यात राऊटरचा पोर्ट उघडावा लागत नाही, परंतु आपली वाहतूक त्या कंपनीच्या सर्व्हरवर उलगडली जाते हे लक्षात घेऊनच निर्णय करावा. दोन्ही मार्गांत कॅलिबर अद्ययावत ठेवणे आणि चुकीचे पासवर्ड वारंवार टाकणाऱ्याला काही काळ रोखण्याचे सेटिंग चालू करणे अनिवार्य आहे. मूळ सेटिंगमध्ये ते बंद असते. घरच्या चार माणसांसाठी मी या वाटेला जाणार नाही.

हा संग्रह कोणासाठी उघडायचा, याचाही विचार करावा. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या निधनानंतरचे कॅलेंडर वर्ष सुरू झाल्यापासून ६० वर्षे त्याच्या साहित्यावर हक्क राहतो. १९६० मध्ये निधन पावलेल्या लेखकाचे त्याच्या हयातीत प्रसिद्ध झालेले लेखन १ जानेवारी २०२१ पासून सर्वांसाठी मोकळे झाले. त्याअलीकडची, विकत घेतलेली पुस्तके सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटासाठी नाहीत. मराठी पुस्तकाची आवृत्ती किती लहान असते आणि एकेक प्रत विकली जाणे लेखक-प्रकाशकांसाठी किती मोलाचे असते, हे अप्पा बळवंत चौकात कोणत्याही दुकानदाराशी पाच मिनिटे बोलले तरी कळते. कॅलिबरमध्ये दोन स्वतंत्र संग्रह ठेवता येतात आणि कोणत्या खात्याला कोणता दिसावा हे ठरवता येते. हक्कमुक्त पुस्तकांचा एक संग्रह वेगळा केला तर मित्रमंडळींना तेवढाच मोकळेपणाने दाखवता येतो.

गेल्या मार्चमध्ये भाच्याचा फोन स्वारगेटला बसमध्ये चढताना गेला. त्याने घरी पोहोचताच दुसऱ्या संगणकावरून स्वतःच्या टेलस्केल खात्याच्या पानावर जाऊन हरवलेला फोन यादीतून काढून टाकला, आणि मी कॅलिबरमधील त्याच्या खात्याचा पासवर्ड बदलला. दोन्ही मिळून पाच मिनिटे लागली. हे दोन टप्पे आणि त्यांची पाने कुठे सापडतात, ते एका कागदावर लिहून आम्ही आता लॅपटॉपच्या वरच्या भिंतीवर चिकटवले आहे, कारण अशी वेळ येते तेव्हा मी घरी असेनच असे नाही.